शाळा सुटल्यावरचा चित्रवर्ग: रेषा, रंग, पोत मुलांच्या हातात कसे उतरवायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण वर्ग सुरू केला त्या वर्षी मीही नेमका इथेच अडलो होतो. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तुमच्या गावात, घराच्या सोप्यात, तुम्ही जूनपासून आठवड्यातून दोन दिवस पाच ते सव्वासहा चित्रकलेचा वर्ग घेताय. चौदा मुलं, सहा वर्षांपासून तेरापर्यंतची. बरीचशी मराठी शाळेतली, काही कन्नड, तिघंचौघं इंग्रजी माध्यमाची. रेषा, आकार, रंग, छटा (उजेड-अंधाराच्या पायऱ्या), पोत (वस्तूचा खरखरीत-गुळगुळीतपणा), अवकाश (जवळ-लांबची जागा) हे चित्राचे सहा घटक तुम्ही आठवड्याला एक असे घेतले. मुलांनी वहीत तक्ते सुरेख भरले. आणि मग 'आता मनाने चित्र काढा' म्हटल्यावर चौदापैकी अकरा जणांनी दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी काढले. तुम्ही विचारताय की क्रम चुकला का, एकेका घटकाला किती वेळ द्यावा, आणि चित्र समोर ठेवून तसंच काढायला देणं बंद करावं का.

क्रम चुकलेला नाही. मुलांनी घटक शब्द म्हणून शिकून घेतले, एवढंच झालंय. तक्ता भरताना मूल तक्त्याकडे बघतं. 'मनाने काढा' म्हटलं की समोर बघायला काहीच उरत नाही, मग जे पाठ आहे ते कागदावर येतं. तो डोंगर-सूर्य त्यांनी कुणाच्या तरी वहीतून, कुठल्या तरी कॅलेंडरातून पाठ केलाय. तुमच्या अंगणातून दिसणारा डोंगर त्यातल्या एकानेही काढला नाही, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. मी बेळगावात वडगावला सत्तावीस वर्षं संध्याकाळचा वर्ग चालवतोय, त्यावर माझं म्हणणं असं बसलंय: घटकाचं नाव सगळ्यात शेवटी सांगायचं. आधी वस्तू, मग एक प्रश्न, मग हात, आणि हाताने ते करून झाल्यावर नाव.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी बोलतो. सहा वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल तुमच्या एकाच सतरंजीवर बसतं, पण चित्राकडे दोघं वेगवेगळ्या गरजेनं येतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. वयं थोडी मागेपुढे होतात, पण तो क्रम मला माझ्या वर्गात वर्षानुवर्षं दिसलाय. साधारण सात ते नऊचं मूल दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, त्या रेघेवर सगळं उभं, आणि घराच्या भिंतीतून आतली आजी, चूल, मांजर दिसतात. त्याला 'भिंतीतून आजी कशी दिसेल?' असं विचारू नका, त्याच्या दृष्टीने ती घरातच आहे. नऊ-दहाच्या पुढे आपलं चित्र खऱ्यासारखं होत नाही हे मुलाला खुपायला लागतं. खोडरबर झिजतो तो याच वयात, आणि 'मला येत नाही' म्हणून चित्रकला सुटते तीही इथेच. म्हणून छटा आणि अवकाश हे दोन घटक मी दहाच्या आतल्या मुलांना मुद्दाम शिकवत नाही. रेषा, आकार, रंग, पोत सगळ्यांना.

मग एकाच खोलीत कसं जमवायचं? वस्तू एकच ठेवा, प्रश्न वेगळे करा. समजा मध्ये एक माठ आहे. लहानांना सांगायचं, 'या माठाच्या पोटात काय काय असेल ते काढा.' आठ-नऊच्या मुलांना, 'माठाची कड गळ्यापाशी कुठे आत जाते आणि कुठे बाहेर येते, तेवढंच.' मोठ्यांना, 'उजेड कुठून येतोय, आणि माठाची कुठली बाजू सगळ्यात काळी?' तिन्ही गट एकाच माठाभोवती बसतात, कुणाला आपण मागे आहोत असं वाटत नाही, आणि लहानांचे कान मोठ्यांच्या बोलण्याकडे असतातच.

आता ती पाच वाजताची वेळ. मूल सकाळपासून बाकावर बसून आलेलं असतं, पोटात भूक, डोक्यात गृहपाठ. त्याला आल्या आल्या 'आज आपण पोत शिकणार' म्हटलं की तो शाळेचा आठवा तास होतो. मी पहिली दहा मिनिटं खायला देतो. पोरं चिरमुरे, शेंगदाणे घरून आणतात. पुढची दहा मिनिटं फरशीवर खडू. मोठा हात, खांद्यापासून फिरवायचा, जितकी जागा मिळेल तितकी. काय काढायचं ते सांगत नाही. कधी एवढंच म्हणतो, 'पत्र्यावर पाऊस कसा वाजतोय, तसा खडू वाजवा.' दिवसभर बोटाएवढ्या अक्षरांत अडकलेला हात मोकळा होतो, आणि रेषेचा पहिला धडा आपोआप होऊन जातो. हळू पाऊस, जोराचा पाऊस, वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस. तुमच्याकडे खानापुरात हा धडा जून ते सप्टेंबर रोज फुकट मिळतो.

रेषेला मी पूर्ण सहा आठवडे देतो. तुम्ही एक दिला होता, तिथे मला घाई वाटली. पहिला महिना खोडरबर डब्यात बंद. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ काढायची, पहिली तशीच राहू दे. दुसरी रेघ बरोबर आली हे मुलाला पहिलीमुळेच कळतं. मोठ्या मुलांना एक युक्ती देतो: जुन्या लग्नपत्रिकेच्या मधोमध भोक पाडून त्यातून पेन्सिल खुपसायची, म्हणजे हाताखालचा कागद दिसतच नाही. मग डोळे वस्तूच्या कडेवर ठेवायचे आणि डोळा जितक्या हळू सरकेल तितक्याच हळू पेन्सिल. येणारं चित्र वेडंवाकडं असतं, पण त्या रेघेत जे बारकावे असतात ते कागदाकडे बघत काढलेल्या गुळगुळीत रेघेत नसतात. पोरांना ते स्वतःलाच दिसतं.

यासाठी माझी आवडती वस्तू म्हणजे मिरची. एका ताटलीत एक ब्याडगी आणि एक संकेश्वरी शेजारी शेजारी ठेवायची. ब्याडगी गडद लाल, सुरकुतलेली, कातडी आत ओढून घेतल्यासारखी. संकेश्वरी लांब, सडपातळ, सरळ. आपल्या घरांत दोन्ही असतात, आई तिखटात दोन्ही घालते, पण पोरांनी त्या कधी बघितलेल्या नसतात. मागच्या वर्षी एक नऊ वर्षांची मुलगी अर्धा तास ब्याडगीच्या एकाच सुरकुतीत गुंतून बसली. रेघ देठापासून निघाली, मध्ये दोनदा थांबली, एका ठिकाणी इतकी हलकी झाली की कागदाला टेकलेली दिसेना, आणि टोकाशी पुन्हा दाबून आली. मी विचारलं, 'इथे हलकी का केलीस?' ती म्हणाली, 'सर, तिथं सुरकुती संपतीय की हळूहळू.' मग मी सगळ्यांना सांगितलं, जाड-बारीक होणारी, थांबणारी, हलकी होणारी ही जी आहे ती रेषा. त्या दिवशी शब्द सांगितला, आणि तो राहिला. एक काळजी मात्र घ्या: मिरची ताटलीतून उचलायची नाही, आणि लहानांच्या गटात ठेवायचीच नाही. डोळे चोळायची सवय असते.

आकारासाठी पेन्सिल काढून घ्या. कागद फाडायचा. जुनी हँडबिलं, साड्यांच्या दुकानांचे रंगीत कागद, जे मिळेल ते. कात्रीसुद्धा पहिल्यांदा नको, कारण फाडताना बारीकसारीक काढायची सोयच नसते आणि मुलाला ठरवावं लागतं की हा म्हशीचा आकार आहे म्हणजे नेमका कशामुळे. शिंगांमुळे? पोटामुळे? मान खाली असल्यामुळे? लहानांना याचं वेड लागतं. एकदा एका मुलाने म्हैस फाडली आणि उरलेल्या कागदात म्हशीएवढं भोक पडलं, तेही त्याने शेजारी चिकटवलं. वस्तूचा आकार आणि वस्तूभोवतीचा आकार, हे मी मोठ्या मुलांना खुर्चीच्या पायांमधली जागा काढायला लावून शिकवतो. सात वर्षांच्या पोराने ते कागदाच्या तुकड्यावर करून दाखवलं. ते दोन तुकडे अजून माझ्याकडे आहेत.

रंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. बारा बाटल्यांचा पोस्टर कलरचा डबा मुलांसमोर उघडू नका. त्यात तयार हिरवा असतो, तयार जांभळा असतो, काळा असतो. हिरवा तयार मिळाला की झाड, गवत, पोपट, डोंगर सगळं त्याच हिरव्याने. मी पहिले दोन महिने पाचच रंग देतो: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू आणि पांढरा. काळा नाही.

हेच का, ते सांगतो. तुम्ही लिहिलंय की लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं शिकवलं आणि सगळ्यांचा चिखल झाला. मुलांचा दोष नाही, डब्यातल्या लालाचा आहे. व्हर्मिलियन हा पिवळ्याकडे झुकलेला, शेंदरी लाल. प्रशियन हा हिरव्याकडे झुकलेला निळा, म्हणजे त्यातही पिवळ्याचा अंश. दोन्ही एकत्र आले की लाल, निळा आणि पिवळा तिघं एकाच थेंबात भेटतात आणि तपकिरी होतं. क्रिमसन निळ्याकडे झुकलेला लाल आहे, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला निळा. हे दोन मिसळा, थोडा पांढरा घाला, जांभळाच्या फळाच्या सालीसारखा रंग मिळेल. लेमन आणि प्रशियन मिसळून झगझगीत हिरवा, लेमन आणि अल्ट्रामरीन मिसळून जरा मंद, कडुनिंबाच्या जुन्या पानासारखा हिरवा. व्हर्मिलियन तिसऱ्या महिन्यात द्या, तेव्हा तो नारिंगीसाठी लागतो आणि मुलांना फरक कळायला लागलेला असतो. मोठ्या मुलांना चिखलही मुद्दाम करायला लावा. भिजलेल्या मातीचा, गोणपाटाचा, म्हशीचा रंग तिथेच सापडतो.

मग पानाचा खेळ. प्रत्येकाने अंगणातून एक पडलेलं पान आणायचं आणि त्याचाच रंग बनवायचा. बनला असं वाटलं की कागदाच्या चिठ्ठीवर एक फटकारा मारायचा, वाळू द्यायचा आणि चिठ्ठी पानावर ठेवायची. चिठ्ठी पानात लपली पाहिजे. वाळू द्यायचा हे महत्त्वाचं, पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. पहिल्या दिवशी कुणाचीच चिठ्ठी लपत नाही. सगळे जास्त हिरवा करतात, कारण पान हिरवं असतं हे त्यांना पाठ आहे. माझ्याकडे एक मुलगा फणसाचं पान घेऊन बसला होता, सहा चिठ्ठ्या झाल्या, सातव्या वेळी त्याने हिरव्यात अगदी ब्रशच्या टोकावर क्रिमसन घेतला आणि चिठ्ठी लपली. तो उठून माझ्याकडे आला, 'सर, मी नीट बघितलो, हे पान हिरवं नाहीच.' त्या संध्याकाळी मी दुसरं काही शिकवलं नाही. तुमच्याकडे तर श्रावणात भाताचं शिवार समोर असतं. रोपाचा पोपटी, लावणीनंतरचा, पोटरीला आलेल्या भाताचा, बांधावरच्या गवताचा, पलीकडच्या रानाचा, सगळे हिरवे वेगळे. मुलांना मोजायला लावा, किती हिरवे सापडतात.

सामानाचं लगेच सांगून टाकतो. रंग मिसळायला पांढरी टाईल सगळ्यात उत्तम, बांधकामाच्या ठिकाणी तुटकी मिळते, कडा मात्र दगडावर घासून घ्या. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. कागदासाठी छापखान्यात विचारा, कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या वजनावर मिळतात, आणि कागद महाग नसला की मूल घाबरत नाही. पावसाळ्यात कागद सादळतो, रंग पसरतो, म्हणून कागद पत्र्याच्या पेटीत ठेवा. फार पावसाच्या आठवड्यात ओले रंग बाजूला ठेवून कोळशावर काम करा. कोळसा घरी होतो: चिंचेच्या पेन्सिलीएवढ्या काड्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला एक बारीक भोक, डबा चुलीत. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा, पण पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आतल्या काड्या पेट घेऊन राख होते. चुलीचं काम अर्थात तुमचं, मुलांनी लांब उभं राहून बघायचं.

छटेसाठी, म्हणजे उजेडापासून अंधारापर्यंतच्या पायऱ्यांसाठी, तांब्या-पितळेची भांडी घेऊ नका. चकचकीत भांड्यात खिडकी, दिवा, बघणाऱ्याचं तोंड असं सगळं दिसतं आणि मूल गोंधळतं. तुमच्या खानापूरच्या मातीचं मडकं हे यासाठी देवाने दिलेलं साधन आहे. त्यावर उजेड सावकाश सरकत सावलीत जातो. ट्यूबलाईट बंद करा, दाराची एकच फळी उघडी ठेवा. खाकी कागद घ्या, कोळसा आणि पांढरा खडू. खाकी रंग ही मधली छटा तयारच असते, मुलाला फक्त दोन ठरवायच्या: सगळ्यात काळोखी जागा कुठे आणि सगळ्यात उजळ कुठे. डोळे अर्धे मिटून बघायला सांगा, बारीकसारीक पुसलं जातं आणि काळं-पांढरं तेवढं उरतं. आणि भोवती काळ्या पेनाची बाह्यरेषा नको, नाहीतर तासभर कमावलेला गोलावा त्या एका रेघेने सपाट होतो.

पोत सोपा आहे, त्यावर फार वेळ घालवू नका. पातळ कागद वस्तूवर ठेवून मेणखडू आडवा घासायचा. जांभ्याचा चिरा, बुट्टी, गोणपाट, दाराची कडी, जुनं जातं. एका संध्याकाळी पंचवीस पोत गोळा होतात. वडगावला माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी माग आहेत, ती कापडाच्या चिंध्या आणतात, आणि उभा-आडवा धागा घासून कसा उमटतो ते दुसऱ्यांना दाखवतात. घरचं काम वर्गात असं मानाने आलं की ती मुलं जरा ताठ बसतात, हे मी बघितलंय.

अवकाशासाठी दिवाळीची वाट बघा. पोरं किल्ला करतातच. किल्ला झाला की मोठ्या मुलांना आधी उभं राहून वरून काढायला लावा, मग पोटावर झोपून, मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. वरून बघताना सगळे मावळे सुटे दिसतात. खालून बघताना पुढचा मावळा मागच्याला झाकतो आणि बुरूज आभाळात जातो. एकाने दुसऱ्याला झाकणं, लांबचं लहान दिसणं, हे फळ्यावर सांगून मला कधी नीट जमलं नाही. किल्ल्यापाशी पाच मिनिटांत होतं. मातीचं म्हणाल तर तुमच्या भागात ज्येष्ठी अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीचे बैल पुजतात. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात बैल विकत आणण्याआधी वर्गात करून बघा.

भाषेचा प्रश्न तुम्ही ओझरता विचारलाय, पण तो मला मोठा वाटतो. तुमच्याकडची कन्नड शाळेतली मुलं 'छटा', 'पोत' हे शब्द ऐकून गप्प बसत असतील. आधी वस्तू, मग नाव ही पद्धत इथे फार उपयोगी पडते. पान हातात असताना कुणालाच भाषा अडत नाही. काम झालं की भिंतीवरच्या कागदावर ज्याला जे नाव येतं ते सांगू द्या: रेषा, गेरे. रंग, बण्ण. सावली, नेरळू. 'आकार' दोन्हीकडे आकारच, याचा पोरांना फार आनंद होतो. माझ्या भिंतीवर हा कागद कायम असतो, आणि तो मुलांनीच भरलेला असतो.

इथपर्यंतचं थोडक्यात मांडायचं तर: आत्तापासून सहा आठवडे रेषा, मग तीन आठवडे फाडकाम आणि आकार, दिवाळीच्या सुट्टीत किल्ला, सुट्टीनंतर आठ-दहा आठवडे रंग. पोत मध्येमध्ये पेरायचा. छटा मोठ्यांनाच, थंडीतल्या तिरप्या उन्हात. तारखा हलल्या तरी चालतील, रेषेचे आठवडे तेवढे कमी करू नका.

आता नमुना बघून काढायचं. मी ते पूर्ण बंद करत नाही. मुलाला एखादं चित्र मनापासून आवडलं आणि ते तसं काढून बघावंसं वाटलं तर काढू द्या. आम्हीही तसेच शिकलो. अट एकच, चित्र त्याने निवडलेलं असावं आणि वर्गात चौदा जणांसमोर एकच नमुना नसावा. फळ्यावर तुम्ही चित्र काढायचं आणि सगळ्यांनी उतरवायचं हे मात्र थांबवा. त्याहून महत्त्वाचं, मुलाच्या कागदावर तुमचा हात नको. काही दाखवायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या कागदावर दाखवा.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय ते लिहितो. वर्गाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा होता. बैलगाडी अशी काढायचा की चाकं करकरतात असं वाटावं. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याच्या चित्रातले बैल 'जरा नीट' करून दिले, मागे दोन झाडं घातली. दुसऱ्या दिवशी त्याने तसंच काढलं आणि बक्षीस मिळालं. त्यानंतर तो प्रत्येक चित्र अर्धवट आणून माझ्यासमोर धरायचा, 'सर, तुम्ही करून द्या.' दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. त्याच्या आईने सांगितलं, तो म्हणतो मला बैल येत नाहीत. मी हात लावेपर्यंत त्याला बैल येत होते. तेव्हापासून मी मुलाच्या कागदाला बोटसुद्धा लावत नाही.

मूल चित्र दाखवायला आलं की 'छान' म्हणून सोडू नका आणि 'हे काय काढलंयस?' असंही विचारू नका. दिसतं ते सांगा. 'इथे तू दाबून रेघ काढलीस.' 'हा निळा तू तीन ठिकाणी वापरलास.' मूल लगेच बोलायला लागतं, आणि त्या बोलण्यातच पुढे काय शिकवायचं ते तुम्हाला मिळतं.

पालक परीक्षेचं विचारतात, ते विचारणारच. आपल्याकडे कर्नाटकाच्या ड्रॉइंग लोअर आणि हायर ग्रेड परीक्षा आहेत, आणि पलीकडे नातेवाईक असलेल्यांना महाराष्ट्राच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची नावं ठाऊक असतात. कुठल्या इयत्तेला कुठली, अर्ज कधी, हे शाळेतल्या चित्रकला शिक्षकांकडून दरवर्षी विचारून घ्या. माझा अनुभव सांगतो: ज्या मुलांनी दोन वर्षं वस्तू बघून काढलेली असते त्यांना परीक्षेच्या आधी तीन महिने वस्तुचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन यांचा सराव पुरतो. सात वर्षांच्या मुलाला त्या नक्षीकामाला जुंपू नये. पालकांना हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी जूनमधलं पहिलं चित्र जपून ठेवतो आणि जानेवारीत दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. बेळगाव शहरातले आजी-आजोबा असले तर त्यांना इथले चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांचं नाव माहीत असतं. बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांच्याच हाताखाली शिकले. आपल्याच गावात चित्रकला अशी मन लावून शिकवली गेली, हे ऐकलं की पालकांचा आवाज बदलतो.

वर्षातून दोनदा तरी मुलांना बाहेर न्या. हलशी तुमच्याच तालुक्यात आहे. भूवराह नरसिंहाच्या देवळात दुपारनंतर दगडावर उजेड पडला की छटेचा धडा समोर उभा असतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपाच्या छतात दगडाचं कमळ आहे. मुलांना खाली उताणं झोपवा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघू द्या, वही बाहेर काढू देऊ नका. चित्र घरी येऊन काढायचं. दोघांचं कमळ कधीच सारखं येत नाही, कारण एकाला पाकळ्या लक्षात राहतात, दुसऱ्याला मधला लोंबता भाग, तिसऱ्याला काळोख.

आणि आता तो डोंगर-सूर्य. त्यासाठी मुलांना रागावू नका, ती चित्रंही परत देऊ नका, जपून ठेवा. पावसाने एखाद्या संध्याकाळी उघडीप दिली की सगळ्यांना अंगणात किंवा गच्चीवर न्या. प्रत्येकाला कागदाची एक लांब पट्टी आणि कोळशाची काडी. सांगायचं एवढंच: डोंगराची वरची कड, डावीकडून उजवीकडे, एकाच रेघेत, मध्ये काही नाही. सूर्य नाही, नदी नाही. आपल्याकडचे डोंगर टोकदार नाहीत, बरेचसे माथ्यावर सपाट आहेत, मध्येच एखादी खिंड, एखादं मोठं झाड कडेवरून वर आलेलं. कुणीतरी विचारेलच, सूर्य दोन डोंगरांच्या मध्ये का नाही. उत्तर देऊ नका. सूर्य कुठे टेकतो तिथे पट्टीवर बोटाने कोळशाचा एक ठिपका करायला सांगा आणि खाली तारीख घाला. महिन्याभराने त्याच जागी उभं करून तीच पट्टी पुन्हा हातात द्या. ठिपका डावीकडे सरकलेला असेल.